ज्वारी, सरकी आणि फूड टेक्नॉलॉजीची पदवी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, पीकविम्याचा आहे, विजेचा आहे. माझा विषय त्या मानानं लहान वाटेल. पण बारावीचा निकाल लागला की गावोगाव तो दारात येऊन उभा राहतो. पोरगी सायन्सला पास झाली, मेडिकलला नंबर लागत नाही, इंजिनिअरिंगवाले घरी बसलेले दिसतात. मग कुणीतरी एक छापील कागद हातात देतं: फूड टेक्नॉलॉजी, शंभर टक्के नोकरी. बाप मला विचारतो, "साहेब, घालू का?" मी विचारतो, कुठल्या कॉलेजात, कुठली पदवी, चार वर्षांचा खर्च किती? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नसतं. मात्र दोन एकर गहाण टाकायची तयारी झालेली असते.

बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, नांगराला जुंपून पाहतो, चार जणांना विचारतो. पोराच्या आयुष्याची चार वर्षं आणि घरातला सगळा पैसा जिथं लावायचा, तिथं मात्र छापील कागदावर भरवसा ठेवतो. आज तो बैल कसा पारखायचा, तेवढंच मी सांगणार आहे.

हा विषय आपला का?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्या पैशातून शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळतं, हे त्यांनी त्यात मांडलं. प्राथमिक शाळेच्या अभ्यासात शेतीचं ज्ञान असावं, अशी मागणीही केली. आज शेतीचं शिक्षण देणारी विद्यापीठं झाली. पण ते शिक्षण बहुतेक बांधापर्यंत येऊन थांबतं. मी स्वतः कृषी पदवीधर आहे. पेरणी किती अंतरावर करावी, युरिया कधी द्यावा, बोंडअळी कशी ओळखावी, हे आम्हाला शिकवलं. माल खळ्यातून निघाला की त्याचं पुढं काय होतं, त्यातला पैसा कुठल्या टप्प्यावर कुणाच्या खिशात जातो, ते शिकायला दुसरी शाळा लागते. त्या शाळेचं नाव अन्नशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञान.

आपण कच्चा माल विकणारी माणसं. कच्चा माल विकणाऱ्याला पक्क्या मालाची विद्या येत नसेल तर भावाची बोलणी तो आंधळेपणानं करतो. म्हणून हा विषय आपला.

भाकरीपासून सुरुवात करू

अन्नशास्त्र म्हणजे काय, हे समजायला परगावी जायला नको. इथं बसलेल्या प्रत्येक बाईला त्याचा पहिला धडा येतो. गव्हाची कणीक गार पाण्यात मळता येते, ज्वारीच्या पिठाला मात्र आधणाचं पाणी लागतं. का? गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्यात मळलं की रबरासारखं ताणतं आणि पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिथं उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि त्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. हे आपल्या आजीला माहीत होतं, नाव माहीत नव्हतं, एवढंच.

पुढचा धडा. ज्वारीचं पीठ महिनाभर डब्यात राहिलं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना चिरते, कडेनं तुटते, चवीला कडवट लागते. दाण्याच्या अंकुरात तेल असतं, ज्वारीत साधारण तीन टक्के. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल सुरक्षित असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि ते खवट होऊ लागतं. बाजरीचं पीठ तर याहून लवकर कडू होतं. म्हणून आपल्या घरी आठ-पंधरा दिवसांचंच दळण टाकतात.

आता शहरातल्या दुकानदाराचा विचार करा. त्याला आठ दिवसांत खराब होणारा माल नको, महिनोन् महिने फळीवर टिकणारा हवा. अंकुर काढून टाकला तर पीठ टिकतं, पण त्याबरोबर कस जातो. दाण्याला आधी ठरावीक उष्णता देऊन मग दळलं तर कस बराच राहतो आणि पीठही जास्त टिकतं, पण उष्णता चुकली की भाकरी बिघडते. किती उष्णता, किती वेळ, दाण्यात ओल किती, पाकीट कुठल्या कागदाचं, हे ठरवणाऱ्या माणसाला अन्नतंत्रज्ञ म्हणतात. हे काम नीट झालं तर ज्वारीला पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक मिळतं. झालं नाही तर गहू तिची जागा घेतो, आणि गेल्या कित्येक वर्षांत तेच झालेलं आपण पाहिलं. ज्वारीचा पेरा घटला, तिथं सोयाबीन आणि कापूस आला आणि जनावराचा कडबाही गेला.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, ज्वारीच्या शेवया अशी पाकिटं दुकानात जास्त दिसायला लागली. पाकिटाच्या मागची यादी वाचत चला. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायची असा नियम आहे. पुढं ज्वारीच्या कणसाचं चित्र असतं. मागच्या यादीत ज्वारीचं नाव कितवं आहे आणि मैद्याचं कितवं, ते बघा. मैदा घालण्याचं एक कारण लबाडी असू शकतं, पण दुसरं कारण खरं आहे. ग्लूटेन नसलेलं बिस्किट धरून ठेवणं अवघड जातं. ती अडचण सोडवणारी पोरं आपल्या घरातून निघाली तर पाकिटातला ज्वारीचा वाटा वाढेल.

खरिपाच्या ज्वारीचं दुखणं तुम्हाला सांगायला नको. दाणा भरताना पाऊस लागला की बुरशी धरते, ज्वारी काळी पडते आणि व्यापारी निम्म्या भावानं मागतो. त्यातली कुठली ज्वारी माणसानं खायला चालेल, कुठली जनावराला, कुठली फक्त दारूभट्टीला, हे डोळ्यांनी ठरत नाही, तपासणीनं ठरतं. आज ती तपासणी व्यापाऱ्याच्या नजरेवर चालते.

सरकीचा हिशेब

आता कापसाकडं या. तुम्ही एक क्विंटल कापूस जिनिंगवर घालता. त्यातून ढोबळमानानं ३४ किलो रुई निघते आणि ६४-६५ किलो सरकी. म्हणजे वजनानं आपण रुईपेक्षा सरकीच जास्त पिकवतो. सरकीत साधारण १८ टक्के तेल धरा, म्हणजे पावणेबारा किलो. न सोलता सरळ दाबली तर त्यातलं आठेक किलो हाती येतं, बाकीचं साडेतीन-चार किलो पेंडीत जातं. ते दुभत्या जनावराच्या पोटात जातं, वाया जात नाही, हे खरं. पण सरकी सोलून, गर वेगळा काढून, नंतर द्रावकानं तेल काढलं तर तेल जास्त मिळतं आणि पेंडही जास्त प्रथिनांची होते. हे कारखान्याचं शास्त्र आहे.

सरकीत गॉसिपॉल नावाचं एक पिवळं विष असतं. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं, पण कोंबडीला, डुकराला आणि लहान वासराला बाधतं. माणसानं खायच्या तेलातून ते शुद्धीकरणात, कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून, काढून टाकतात. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी सरकीत हे विष नगण्य राहील, पण झाडाच्या पानांत आणि देठात किडीपासून रक्षण करायला शिल्लक राहील, असं कापसाचं वाण तयार केलं. त्यांचं पहिलं संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या कृषिखात्यानं २०१८ साली आणि अन्न-औषध प्रशासनानं २०१९ साली त्याला परवानगी दिली. आपण ते वाण लावावं की नाही, हा आजचा विषय नाही. सांगायचं इतकंच की जगात कापसाकडं अन्नाचं पीक म्हणून पाहणारी माणसं आहेत आणि कापूस पिकवणाऱ्याच्या घरात तसं पाहणारं कुणी नाही.

तंत्रज्ञ आपला असला की काय होतं, याचा दाखला गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ साली नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल शेतकऱ्यांचे पुढारी होते. १९४९ साली तिथं वर्गीस कुरियन आले. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, ती गाईच्या दुधाचीच होते, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. एच. एम. दलाया नावाच्या दुग्धतंत्रज्ञानं ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदचा कारखाना उभा राहिला. म्हैसूरच्या केंद्रीय संस्थेनं म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचं अन्न बनवायची रीत शोधली, तीही अमूलनंच वापरली. पुढारी होता, व्यवस्थापक होता, पण पावडर करणारा माणूस नसता तर उन्हाळ्यात भाव आणि हिवाळ्यात दूध ओतून द्यायचं, हेच चाललं असतं.

पाटीवरची नावं नीट वाचा

आता कामाचं बोलू. एकाच प्रकारच्या इमारतींवर वेगवेगळ्या पाट्या असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फूड टेक्नॉलॉजी किंवा फूड इंजिनिअरिंगची बी.टेक. ही चार वर्षांची पदवी. तिच्यात यंत्रं, उष्णता, वाळवणं, थंड करणं, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळं येतं. कारखाना चालवायची विद्या ती हीच. गणित कच्चं असेल तर पोरगं इथं रडतं.

फूड सायन्सची बी.एस्सी. ही विज्ञानाची पदवी. तिच्यात प्रयोगशाळा जास्त, यंत्र कमी. तपासणी, गुणवत्ता, पुढं एम.एस्सी., ही तिची वाट.

न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स म्हणजे आहारशास्त्र. दवाखान्यात रोग्याला काय खायला द्यायचं, ते सांगणारं शिक्षण. चांगलं आहे, पण कारखान्याचं नाही.

हॉटेल मॅनेजमेंट हे वेगळंच आहे. "अन्नाचंच आहे, सारखंच" असं सांगून कुणी प्रवेश देत असेल तर उठून या.

डेअरी टेक्नॉलॉजी ही दुधाची स्वतंत्र बी.टेक. आहे. आपल्या भागात पुसदजवळ वरूडला आणि मराठवाड्यात उदगीरला तिची सरकारी महाविद्यालयं आहेत.

आणि दहावीनंतर पदविका आहे. ज्या घराला चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्यानं तिला कमी समजू नये. का ते पुढं सांगतो.

मायबहिणींना एक सांगतो. "स्वयंपाकाचंच शिक्षण, पोरीला बरं" असं समजून कुणी मुलीला इकडं घालतं आणि "स्वयंपाकच शिकायचा तर एवढे पैसे कशाला" म्हणून कुणी घालत नाही. दोन्ही चूक आहे. हे बॉयलरचं, वाफेचं, जंतूंच्या मोजणीचं शिक्षण आहे. मुलीला रसायनशास्त्राची आणि यंत्राची गोडी असेल तर घाला. नसेल तर मुलगा असो की मुलगी, घालू नका.

दारं कोणती?

पहिलं दार परभणीचं. १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं, आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथलं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासूनचं, देशातल्या अशा पहिल्या महाविद्यालयांपैकी. त्याच विद्यापीठानं इक्रिसॅटच्या जोडीनं लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ साली दिली. ज्या आवारात ज्वारीचं वाण निघतं त्याच आवारात अन्नतंत्र शिकायला मिळणं ही कोरडवाहूवाल्याच्या पोरासाठी मोठी गोष्ट आहे.

कृषी विद्यापीठांच्या कक्षेत खाजगी महाविद्यालयंही आहेत. पदवी विद्यापीठाचीच मिळते, पण फी, शिक्षक आणि यंत्रं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून "विद्यापीठाचं कॉलेज आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. सरकारी की खाजगी, ते विचारा.

दुसरं दार नागपूरचं. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तिथं अन्नतंत्राबरोबर तेलाचं तंत्रज्ञानही शिकवतात. सरकी, जवस, सोयाबीन, करडई पिकवणाऱ्या विदर्भात तेलाचं शिक्षण नागपुरात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तिसरं दार मुंबईचं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रशास्त्र विभाग निघाला, जुनी माणसं त्याला यूडीसीटी म्हणतात, आता आयसीटी. अन्न आणि तेल, दोन्हींची बी.टेक. तिथं आहे. प्रवेश फार कठीण, पण खेड्यातलं हुशार पोरगं घाबरून अर्जच करत नाही, हे बरोबर नाही.

राज्याबाहेर हरियाणातलं कुंडली आणि तमिळनाडूतलं तंजावर, इथं केंद्राच्या दोन संस्था आहेत. २०२१ च्या कायद्यानं त्यांना राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. तिथं जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश होतो. म्हैसूरची सीएफटीआरआय ही १९५० सालची, देशातली या विषयातली सगळ्यात मोठी प्रयोगशाळा. तिथं पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. आपलं पोरगं कृषी पदवीधर झालं असेल तर त्याचीही गाडी चुकलेली नाही. पदव्युत्तर शिक्षणाला अन्नतंत्राकडं वळायला वाट आहे.

राज्यातल्या महाविद्यालयांसाठी सीईटी द्यावी लागते. गणित लागतं की जीवशास्त्र चालतं, हे महाविद्यालयागणिक बदलतं. मुंबई-नागपूरच्या अभियांत्रिकी वळणाच्या पदवीला गणित हवंच. म्हणून अकरावीला विषय घेतानाच हे ठरवा. अकरावीत सोपं जावं म्हणून गणित सोडलेली पोरं बारावीनंतर कपाळाला हात लावतात. कृषी विद्यापीठांच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलाला अधिभार देण्याची पद्धत आहे. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तो कसा दिला आहे, ते वाचून सातबारा आणि दाखले आधीच काढून ठेवा.

कॉलेजात जाऊन विचारायचे सात प्रश्न

लिहून घ्या.

एक. पदवीचं पूर्ण नाव काय, ती कोणतं विद्यापीठ देतं आणि कॉलेजला कुणाची मान्यता आहे? कागद दाखवा म्हणा. हे एवढ्यासाठी की अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या सरकारी जागेसाठी कोणत्या पदव्या चालतात, याची यादी नियमात दिलेली आहे. अन्नतंत्र, दुग्धतंत्र, तेलतंत्र, कृषिशास्त्र, जैवतंत्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशी नावं तिच्यात आहेत. भलत्याच नावाची पदवी घेतली तर चार वर्षांनी अर्जच बाद होतो.

दोन. प्रात्यक्षिकाचा छोटा कारखाना आहे का? असेल तर दाखवा. यंत्रावर धूळ आहे की पीठ, ते बघा. मागच्या महिन्यात त्यावर काय बनवलं, हे मास्तरला विचारू नका, पोरांना विचारा.

तीन. प्रयोगशाळेत ओल, तेल, प्रथिन आणि जंतू, हे चारही पोरं स्वतः मोजतात की मास्तर मोजून दाखवतो?

चार. कायम नोकरीचे शिक्षक किती आणि तासावर येणारे किती?

पाच. शेवटच्या वर्षी पोरं कारखान्यात प्रशिक्षणाला जातात. मागच्या वर्षी कोण कुठं गेलं, त्याची यादी द्या.

सहा. नोकरीबद्दल सगळ्यात मोठा पगार किती मिळाला, हे विचारू नका. तो आकडा एका पोराचा असतो. मागच्या तुकडीतली सगळी पोरं आज कुठं आहेत, ते विचारा. त्यातल्या दोघांशी स्वतः बोला.

सात. चार वर्षांची फी, वसतिगृह, खाणावळ, अनामत, परीक्षा, गणवेश, सहल, सगळं धरून एकूण किती? लेखी द्या. जो लेखी देत नाही, त्याच्याकडं पहिला हप्ता भरू नका.

पैशाचं बोलू

गहाणखत करण्याआधी सरकारचं काय मिळतं, ते बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून घेतलेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला की ही माफी गेली. "फेरीची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा" असं म्हणणाऱ्या माणसाचा फायदा कशात आहे, ते यावरून समजून घ्या.

अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिष्यवृत्ती आहे. आणि बँकांच्या शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा नियम आहे. बँकेचा साहेब सातबारा मागत असेल तर एकटे जाऊ नका, चार जण मिळून जा आणि नकार लेखी मागा. सावकाराचं दार सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो कधीच नाही.

पदवीनंतर काय?

इथं मी कुणाला गोड बोलणार नाही. शंभर टक्के नोकरी हे शब्द जिथं छापलेले असतात, तिथं तो कागद तसाच ठेवून या. कारखाने बहुतेक पुणे, नाशिक, मुंबई, नागपूरच्या आसपास आहेत. सुरुवातीचा पगार लहान असतो, पाळीचं काम असतं, रात्रपाळी असते. चार-पाच वर्षं टिकलेल्याला पुढं बरा पगार मिळतो. सरकारी जागा थोड्या आणि त्यांच्या जाहिरातींचा भरवसा नाही.

पण एक दार आपण पाहतच नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे २०११ चे विनियम आहेत. त्यात लायसन्सची एक अट अशी की, उत्पादनावर देखरेख करणारा किमान एक तांत्रिक माणूस ठेवला पाहिजे. त्याच्याकडं रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या विषयाची विज्ञान पदवी किंवा अन्नतंत्राची पदवी अथवा पदविका हवी. मघाशी पदविकेला कमी समजू नका म्हणालो, ते यासाठी. तालुक्याच्या डाळमिलला, तेलघाण्याला, शेतकरी उत्पादक कंपनीला लायसन्स घ्यायचं तर असा माणूस लागतो. आज तो शहरातून भाड्यानं आणतात. त्याची सही असते, माणूस दिसत नाही.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी दाल मिल तयार केली. ती गावोगाव बचत गटांनी घेतली. तूर कच्ची विकण्याऐवजी डाळ करून विकायला लोक शिकले. जिथं यंत्र समजणारं माणूस गावात होतं तिथं ती चालली. जिथं नव्हतं तिथं पहिल्या बिघाडानंतर तिच्यावर कापड टाकून ठेवलं. यंत्राचं अनुदान मिळतं, पण यंत्र समजणारं माणूस अनुदानात मिळत नाही, ते घरातूनच तयार करावं लागतं.

याचा अर्थ असा नाही की एक पोरगी शिकली म्हणजे कापसाला भाव मिळाला. भावाची लढाई वेगळी आणि ती चालूच राहील. निर्यातबंदी, आयातशुल्क, सरकारी खरेदीचे खेळ यांना पदवीनं उत्तर देता येत नाही. शिकलेलं पोरगं कंपनीत लागून आपल्याच मालाला काट मारायला बसेल, असंही होऊ शकतं. त्यात त्याचा दोष धरू नका, त्याला पोट आहे. पण तालुक्याला अशी पाच-दहा पोरं असली तर त्यातली दोन इथं राहतील, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

आता काय करायचं

तीन कामं सांगतो आणि बसतो.

पहिलं, प्रत्येक तालुका शाखेनं आपल्या भागातून अन्नतंत्र, दुग्धतंत्र, तेलतंत्र शिकायला गेलेल्या पोरांची यादी करावी. कुठं शिकतात, खर्च किती आला, आता काय करतात, एवढं लिहावं. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याला छापील कागदापेक्षा ही यादी जास्त उपयोगाची पडेल.

दुसरं, निकालानंतर पहिल्या पंधरवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवस बसायचं. पोरं आणि आईबाप, दोघांनी यायचं. माहितीपुस्तिका एकत्र वाचायच्या, अर्ज भरायचे. कॉलेज बघायला एकट्यानं जायचं नाही. तीन-चार घरांनी मिळून जायचं, सात प्रश्नांचा कागद खिशात ठेवायचा.

तिसरं, ज्या उत्पादक कंपन्या आपल्या लोकांच्या आहेत, त्यांनी शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रशिक्षणाला बोलवावं. सहा महिने त्या पोरानं आपली ज्वारी दळून बघावी, आपली सरकी तपासावी. त्याला आपलं काम कळेल आणि आपल्याला त्याची विद्या.

सात प्रश्नांचा कागद छापून आणला आहे, दाराशी ठेवला आहे. ज्याच्या घरी अकरावी-बारावीचं पोरगं आहे त्यानं एक न्यावा. ज्याच्या घरी नाही त्यानं शेजाऱ्यासाठी न्यावा.

जय किसान!